एकच ताप, पण माणसे निरनिराळी

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त शिरोली एमआयडीसी येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या आनंदात आजारपणाचा विषय काढणे म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे काढ्याची वाटी धरण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु विषय माझा नव्हे, आपल्या चिटणीसबाईंचा. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा जन्म परिचारिकेच्या कामात गेला. तेव्हा घरी आजारी माणसाची शुश्रूषा कशी करावी ते आमच्या बायकांना सांगा." मी विचारले, "कोणाची शुश्रूषा? तान्ह्या बाळाची, शाळकरी मुलाची, की आजोबांची?" त्यावर त्या म्हणाल्या, "शुश्रूषा ती शुश्रूषा. त्यात एवढा फरक तो काय?" तो फरक काय, एवढेच मी आज सांगणार आहे. रोगांची नावे आणि औषधांच्या याद्या मी देणार नाही. ते काम डॉक्टरांचे.

आपल्या वसाहतीतले एखादे घर डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्या, त्यांतच स्वयंपाक. घरधनी फाउंड्रीत, या आठवड्यात पहिली पाळी तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. थोरला मुलगा पाचवीत, पाळण्यात चार महिन्यांचे बाळ, आणि पलंगावर सासूबाई. श्रावण-भाद्रपदात घरात ताप शिरला की तो एकट्यादुकट्यावर भागत नाही. मग घरातली सून काय करते? एक घोंगडी, एक पातेले पेज आणि गोळ्यांची एक पट्टी, एवढ्यावर ती सगळे घर निभावून नेते. घरधन्याला अख्खी गोळी, मुलाला अर्धी, बाळाला पाव गोळी चुरून मधातून, आणि "म्हातारपण आहे, रात्री डोळा तरी लागू दे" म्हणून सासूबाईंना झोपेची आणखी एक. हे सारे ती मायेने करते यात शंका नाही. पण ह्या एका पट्टीतून घरातल्या निदान तिघांना अपाय होण्याचा संभव आहे.

कारण असे की, आजार एकच असला तरी तो प्रत्येक वयात निराळ्या तोंडाने बोलतो. बाळाला बोलताच येत नाही. लहान मूल दुखते ते पोट दाखवते आणि घाबरलेले असते ते मन. वयात आलेली मुलगी लपवते. कमावता पुरुष "मला काही झाले नाही" म्हणतो. आणि म्हातारपणी तर शरीरच गप्प बसते. आत न्यूमोनिया झालेला असतो आणि अंगाला हात लावावा तर ताप नाही! मग आजाऱ्याचे म्हणणे आपल्याला कळायचे कसे? ते समजून घेणे हीच शुश्रूषेतली खरी विद्या आहे, आणि ती दवाखान्यापेक्षा घरात अधिक लागते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर छोटेसे पुस्तक लिहिले, ते मुख्यतः पगारी परिचारिकांसाठी नव्हतेच. घरोघर आजाऱ्याची काळजी वाहणाऱ्या बायकांसाठी होते. कोंदट हवा, अस्वच्छता, अवेळी खाणे, दचकवणारे आवाज यांचा त्रास मोठ्यांपेक्षा मुलांना लवकर आणि जास्त होतो, हे त्यांनी त्यात बजावून ठेवले आहे.

आणि आपल्या शिरोलीकरांना घरची शुश्रूषा येणे किती जरुरीचे आहे, हे पंचगंगामाईने आपल्याला दोनदा दाखवून दिले. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. हमरस्त्यावर शिरोलीपाशी पाणी चढले आणि पुण्या-बंगळूरची वाहतूक ठप्प झाली. नदीपलीकडे शहर, शहरात मोठे दवाखाने, आणि अलीकडे आपण! अशा वेळी घर हाच वॉर्ड आणि घरातली बाई हीच परिचारिका. एरवी १०८ क्रमांकावर फोन केला की गाडी येते, परंतु गाडी येईपर्यंतचा वेळही कोणीतरी निभावावा लागतोच.

आता बाळापासून आरंभ करू.

कोल्हापूरचा आणि तान्ह्या बाळाच्या दुखण्याचा एक जुना संबंध आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्वजणींनी ऐकले आहे. त्यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते अवघे दहा दिवस जगले. ते दुःख उराशी धरून ही मुलगी सातासमुद्रापलीकडे गेली आणि १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली होती. पण क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या पुण्यास वारल्या. कोल्हापूरच्या बायकांच्या वाट्याला त्यांचा हात आलाच नाही. मला हे नेहमी वाटत आले आहे की त्या दहा दिवसांच्या बाळाची गोष्ट प्रत्येक बाळंतिणीच्या खोलीत सांगितली पाहिजे, कारण तान्ह्या बाळाला आजही सर्वांत मोठा धोका त्याच पहिल्या दिवसांत असतो.

तान्ह्या बाळाच्या शुश्रूषेत तीन गोष्टी: ऊब, दूध आणि लक्ष. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि कातडी पातळ, म्हणून त्याची ऊब भराभर निघून जाते. आपण त्याला जन्मल्या जन्मल्या न्हाऊ घालण्याची घाई करतो. ती करू नये. निदान एक दिवस जाऊ द्यावा. पुसून कोरडे करावे, टोपडे घालावे आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून लुगडे गुंडाळावे. कमी वजनाच्या बाळाला तर ह्याहून चांगली पेटी नाही. कोलंबिया देशातल्या एका दवाखान्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हा उपाय काढला आणि तो आता जगभर चालतो. आमच्याकडे मात्र बंद खोलीत शेगडी पेटवून धुरी द्यायची चाल अजून काही घरांत आहे. त्या धुराने बाळाची छाती भरते, आणि दारेखिडक्या बंद असतील तर कोळशाचा विषारी वायू आईलाही गुंगवतो. ओव्याचा वास चांगला असेल. परंतु बाळाला हवी असते ती मोकळी हवा.

पहिले सहा महिने अंगावरचे दूध, बाकी काही नाही. पाणी नको, गुटी नको, आणि मध तर वर्ष पुरे होईपर्यंत चाटवूच नये. मधात असणारे एक प्रकारचे जंतू लहान बाळाच्या आतड्यात वाढून त्याचे अंग लुळे पडू शकते. आता कळले, पाव गोळी मधातून का नको ते! शिवाय त्या पाव गोळीत औषध किती गेले हे कोण सांगणार?

बाळ आजारी आहे हे ओळखायचे कसे? मोठ्या माणसाला ताप येतो. बाळ कधी तापते, तर कधी उलट गार पडते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या काखेत थर्मामीटर धरल्यावर ९९.५ किंवा अधिक आले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. ९७.७ च्या खाली आले तर ते गारठते आहे, ताबडतोब छातीशी धरावे. आणि तरीही ऊब येईना, किंवा दूध ओढेना, तर तेही तितकेच गंभीर. जे बाळ रडत होते ते एकाएकी शहाण्यासारखे गप्प पडून राहिले, तर "आज किती गुणी आहे" असे म्हणू नये. टाळू खोल गेली आहे का, लंगोट किती तासांत ओला झाला नाही, हे पाहावे.

आणि श्वास मोजावा. यासाठी एक घड्याळ पुरते. बाळ शांत असताना झबले वर करून पोटाची हालचाल पुरता एक मिनिट मोजायची. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास झाले, तर न्यूमोनियाचा संशय धरावा. पोट उडते आहे, फासळ्यांखाली खळगा पडतो आहे, असे दिसले तर मोजत बसण्याचीही गरज नाही. पहा, एकाच घरात पाळण्यातल्या बाळाला ४५ श्वास बरोबर आहेत आणि त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीला तेवढेच श्वास म्हणजे दुखणे आहे! वय पाहून शुश्रूषा करावी असे मी म्हणते ते यासाठी.

हे काम शिकलेल्या डॉक्टरांचे, आम्हा बायकांना काय जमणार, असे कुणी म्हणेल. तर त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवले: बाळ तोलणे, ऊब देणे, श्वास मोजणे, दूध पाजायला मदत करणे, दुखणे ओळखणे आणि ठरलेले औषध देणे. बहुतेक जणी शाळेत थोड्याच यत्ता शिकलेल्या. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. ही हकीकत १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रात छापून आली आणि जगभरच्या तज्ज्ञांनी ती वाचली. पुढे २०११ पासून सरकारने हेच काम देशभरच्या आशाताईंवर सोपवले. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई घरी येते, ती ह्यासाठी. तिला दारातून "सगळे ठीक आहे" म्हणून परत पाठवू नका. बसवा, बाळ दाखवा. आणि बाळाबरोबर बाळंतिणीलाही दाखवा, कारण पाळण्याभोवती सगळे जमतात आणि आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. तिचा रक्तस्राव वाढला, ताप आला, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ती दिवसचे दिवस रडत असली, तर हे बाळंतपणात असायचेच म्हणून सोडून देऊ नये.

आता चालत्याबोलत्या मुलाकडे वळू. त्याचे शरीर बाळापेक्षा घट्ट झालेले असते, पण मन कच्चे असते. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुखणे म्हणजे शिक्षा वाटते. आपण काहीतरी वाईट वागलो म्हणून हे झाले असे ते धरून चालते. आणि ह्यात भर आपण घालतो. जेवत नाही? "थांब, सुई टोचायला लावते!" अशी धमकी वर्षभर दिलेली असते. मग ज्या दिवशी खरीच सुई घ्यावी लागते त्या दिवशी ते लाथा मारते, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. सुई दुखत नाही, असे खोटे सांगू नये. "मुंगी चावल्यासारखे दुखेल, मी हात धरून बसते, दहा म्हणेपर्यंत झाले" असे सांगावे आणि खरोखर हात धरून बसावे. वॉर्डात आम्ही आधी बाहुलीच्या दंडाला पट्टी बांधीत असू. हसू नका, त्या बाहुलीने पुष्कळ पट्ट्या सुखाने बांधून घेतल्या आहेत. औषध गोड म्हणून खाऊसारखे देऊ नये. नाहीतर पुढे कपाटातली बाटली ते आपणहून रिकामी करते.

मुलाचे औषध वजनावर ठरते. तापाच्या पॅरासिटामॉलचे प्रमाण एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम असे असते. एकाच वयाची दोन मुले एक ११ किलोची तर दुसरे १६ किलोचे असू शकते, तेव्हा शेजारणीच्या मुलाला चालले ते आपल्याला चालेल असे नाही. त्यातून बाजारात हे औषध निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. बाळांसाठी थेंबांनी द्यायच्या बाटलीत ते साध्या सिरपपेक्षा चारपट कडक असते. थेंबांच्या बाटलीतले औषध कोणी चमच्याने पाजले तर काय होईल, याचा विचार करा. बाटलीबरोबर आलेले मापच वापरावे. स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे; माझ्याच घरात तीन आकारांचे चमचे आहेत. आणि ॲस्पिरिनची गोळी तर मुलांना तापात देऊच नये. त्याने मेंदू आणि यकृत यांना घातक असा एक विकार होऊ शकतो. डेंग्यूचा संशय असेल तेव्हा ती मोठ्यांनाही वर्ज्य, कारण रक्तस्रावाचे भय असते.

जुलाब-उलट्यांत मुलाचे पाणी बंद करण्याची आपली जुनी समजूत आहे. ती मुलाच्या जिवावर बेतते. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत बनगावच्या छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि असंख्य माणसे वाचवली. नातेवाइकांच्या हाती, हे लक्षात घ्या! आज त्याचीच पुडी ओआरएस म्हणून मिळते. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मोठी पुडी पुरत्या एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात, असा अंदाज चालवू नये. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा-पाऊण कप, चमच्याचमच्याने. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या दुप्पट. त्याहून मोठ्याला हवे तितके. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, पण सावकाश. अंगावरचे दूध चालूच ठेवावे आणि मऊ भातही.

वयात आलेल्या मुलामुलींचे थोडक्यात सांगते, कारण त्यांचे पथ्य एकच: आडोसा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला चार पाहुण्यांदेखत "पोटात कुठे दुखते?" म्हणून विचारले तर ती काहीच सांगणार नाही. पाळीत अतोनात अंगावर जाते, लघवीला आग होते, हे ती आईलाही तीन-तीन महिने सांगत नाही. मग कुठे एक दिवस शाळेच्या प्रार्थनेत घेरी येते आणि रक्त कमी असल्याचे उघडकीस येते. मुलगेही लाजतातच. दार लोटून घ्यावे, एकटीने विचारावे, आणि ऐकलेले जावेला सांगू नये. हे शेवटचे फार अवघड आहे, मला माहीत आहे.

कमावत्या माणसाचे दुखणे म्हणजे पगाराचे दुखणे. भट्टीवर काम करणारा माणूस ताप घेऊन पाळीला जातो, कारण खाडा पडला की पैसे जातात. त्याला घरात निजवून पेज भरवणे सोपे. त्याचे मन निजवणे कठीण. अशा माणसाला मुलासारखे वागवू नये. "गप पडा" म्हटले की तो उठून बसणारच. डॉक्टरांनी काय सांगितले, किती दिवस लागतील, खर्च किती, हे त्याला स्पष्ट सांगावे आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ द्यावा. फाउंड्रीच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसात बसते. म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा खोकला हा "धुळीचा आहे" म्हणून सोडू नये, बेडका तपासून घ्यावा. चटका बसला तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. हीच भाजण्याची गोष्ट बाळात आणि वृद्धात अधिक वाईट, कारण दोघांचीही कातडी पातळ. जे पाणी आपल्या हाताला कढत वाटते तेवढ्याने त्यांना फोड येतो.

आणि आता ज्यांच्यासाठी मुख्यतः मी आज उभी राहिले, त्या पलंगावरच्या आजी-आजोबांकडे येऊ.

बाळ आणि म्हातारा सारखेच, असे आपण म्हणतो. शुश्रूषा करणारीने हे वाक्य विसरून जावे. बाळाला लंगोट बांधला तर त्याचा अपमान होत नाही. सत्तर वर्षे ज्यांनी घर चालवले त्यांना "चला, आ करा, शहाणी माझी बाई" म्हणून भरवले की त्या तोंड मिटून घेतात आणि आपण म्हणतो, जेवण सुटले. साहाय्य बाळाइतके लागले तरी मान घरातल्या वडीलधाऱ्याचाच द्यायचा असतो. अंग पुसताना आधी विचारावे, अंगावर चादर ठेवून एकेक हात-पाय पुसावा, दार लावून घ्यावे. स्वतःच्या हाताने खाता येत असेल, मग अर्धा तास लागो आणि थोडे सांडो, खाऊ द्यावे. तांबडा रस्सा मागितला तर एकदम नाही म्हणू नये. डॉक्टरांना विचारून, तिखट बेताचे करून वाटीभर द्यावा. तोंडाची चव गेलेल्या माणसाला पेजेवर पेज देत राहिले तर भूक कुठून लागणार? मात्र भरवताना पाठीला टेकू देऊन सरळ बसवावे आणि नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. आडवे पडून घेतलेला घास श्वासनळीत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

म्हातारपणी शरीर गप्प बसते, असे मी आरंभी म्हटले. त्याचा अर्थ असा. आत जंतूंची लागण झाली तरी ताप ९९ च्या पुढे जात नाही. हृदयविकाराचा झटका येतो आणि छातीत दुखत नाही. नुसती धाप लागते किंवा गळून गेल्यासारखे होते. मग लक्ष कशावर ठेवायचे? वागण्यावर. काल संध्याकाळपर्यंत नातवाला ओळखणारी आजी आज सकाळी "गाडी चुकेल, माझे बोचके द्या" म्हणू लागली, तर त्याला म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. विसरभोळेपण वर्षावर्षाने वाढते. एक-दोन दिवसांत आलेला भ्रम हा बहुधा दुखण्याचा निरोप असतो: लघवीची लागण, तुंबलेली लघवी, मलावरोध, न्यूमोनिया, रक्तातले मीठ उतरणे, साखर कमी होणे, किंवा एखादे नवे औषध. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी शेजारच्या कुणाची झोपेची गोळी मागून आणून देणे हे तर सर्वांत वाईट. म्हातारपणी औषध अंगातून लवकर निघून जात नाही. गुंगीत उठायला जाऊन माणूस पडते आणि खुब्याचे हाड मोडते. मग काही आठवड्यांचे दुखणे वर्षाचे होते. भ्रम झालेल्या माणसाजवळ ओळखीचा माणूस बसवावा, चष्मा डोळ्यांवर द्यावा, कानाचे यंत्र असेल तर कानात, दिवसा खिडकी उघडी आणि रात्री मंद दिवा ठेवावा. ह्या साध्या गोष्टींनी त्यांना पुष्कळ स्वस्थता येते.

पाण्याबद्दलही असेच. बाळाला तहान लागली की ते रडते. म्हाताऱ्या माणसाला तहान लागतच नाही, निदान लागायला हवी तेवढी लागत नाही. आणखी एक कारण आहे, ते कोणी आपणहून सांगत नाही. रात्री संडासापर्यंत जावे लागेल, सुनेची झोप मोडेल, म्हणून त्या दुपारपासूनच पाणी तोडतात. तेव्हा "पाणी प्या" म्हणून ओरडण्याने काम होत नाही. पलंगाजवळ भांड्याची सोय करा, वाटेत दिवा लावा, न्हाणीत धरायला एक कांब बसवा. आपल्या वसाहतीत वेल्डिंग करणाऱ्यांची वाण नाही! एवढे केले की पाणी आपोआप पोटात जाऊ लागते. मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर किती प्यावे ते डॉक्टरांना विचारावे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर, खुब्यांवर आणि टाचांवर जखमा पडतात, त्यांना दवाखान्यात बेडसोर म्हणतात. त्या घाणीपेक्षा दाबामुळे होतात. तिथले रक्त चालत नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस पालटावी: पाठ, डावी, पाठ, उजवी. कातडी लाल झाली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही लालीच राहिली, तर ती पहिली खूण. तिथे चोळू नये, तिच्यावर भार देऊ नये. टाचा उशीवर नव्हे, पोटरीखाली उशी ठेवून अधांतरी ठेवाव्या. चादरीला सुरकुती नको, ओल नको. मधुमेह असेल तर पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. पायांना कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. 

दर दोन तासांनी म्हणजे रात्रीही. आणि इथे आपण त्या सुनेपाशी येतो. बाळ तीन तासांनी उठवते, सासूबाईंची कूस दोन तासांनी, पहाटे पाचला पाळीचा डबा. ही बाई झोपणार केव्हा? मला स्पष्ट बोलण्याची परवानगी असावी. दवाखान्यात आठ तासांनी परिचारिकेची पाळी बदलते, तुमच्या कारखान्यांतही बदलते. घरातल्या ह्या बाईची पाळी कधीच बदलत नाही, आणि मग तिच्या हातून औषधाची वेळ चुकली की तिलाच बोल लागतो. रात्रीची एक कूस घरधन्याने पालटायला काय हरकत आहे? जो माणूस साचे उचलतो त्याला आईची कूस पालटणे जड नाही. थोरल्या मुलाने आजीला पेपर वाचून दाखवावा. आणि मंडळाला माझी विनंती अशी की, ज्या घरात माणूस अंथरुणाला खिळले आहे अशा घरांची यादी करून आठवड्यातून दोन दुपारी आपल्यापैकी दोघींनी तिथे तीन तास बसावे, म्हणजे त्या घरच्या बाईला निजता येईल. तिला उपदेश करायला जाऊ नये. तिला झोपू द्यावे. यादी कार्यकारिणीने आजच सुरू केली तर पहिले नाव मी स्वतः सांगते, आणि पहिली दुपारही माझी धरा.

आता बोलणे पुरे करते. समोर खाट मांडली आहे. आडवी चादर घालून एकटीने, कंबर न लचकवता, माणसाची कूस कशी पालटायची ते करून दाखवते. खाटेवर निजायला एक धट्टीकट्टी भगिनी हवी आहे. हलकी नको, नाहीतर तुम्ही म्हणाल की सोपे होते. ज्यांनी बाळे आणली आहेत त्यांनी उजव्या हाताला बसावे, मनगटी घड्याळे काढावी, आणि बाळे निजली असतील तर उठवू नयेत. श्वास तेव्हाच नीट मोजता येतो.